मशीन "हाय" म्हणतं तेव्हा



एरवी मी तुमच्याशी बीपी, शुगर, थायरॉइड, ताप-खोकला अशा विषयांवर बोलतो. आजचा विषय थोडा वेगळा आहे. आज बोलायचंय स्क्रीनबद्दल. ग्लुकोमीटरचा छोटासा स्क्रीन, बीपीच्या मशीनचा स्क्रीन, मोबाइलमधलं औषधांचं ॲप आणि माझ्या टेबलावरचा कॉम्प्युटर. स्क्रीनवर काय दिसतं, कुठल्या शब्दांत दिसतं, कुठलं बटण कुठे आहे, या सगळ्याला सॉफ्टवेअरवाले "यूजर इंटरफेस" म्हणतात. माणूस आणि यंत्र यांची गाठ जिथे पडते ती ही जागा. दाराला जसा उंबरठा, तसा यंत्राला इंटरफेस. उंबरठा नीट बांधलेला नसेल तर चांगला चालणारा माणूससुद्धा अडखळतो.

डॉक्टरचा याच्याशी काय संबंध, असं तुम्ही विचाराल. दोन प्रसंग सांगतो. एकात माझ्या पेशंटची चूक झाली. दुसऱ्यात माझी.

पहिला प्रसंग

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. रविवारची सकाळ. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले एक काका माझ्याकडे बरीच वर्षं मधुमेहासाठी येतात. त्यांच्या घरून काकूंचा फोन आला.

"डॉक्टर, रविवारी त्रास देते, पण शुगरचं मशीन बिघडलंय बहुतेक. परवापासून आकडाच दाखवत नाही. नुसतं हाय म्हणतंय."

"हाय म्हणतंय?"

"हो ना. नातवाला वाचायला सांगितलं. तो म्हणाला, आजी, मशीन तुला हाय करतंय. आम्ही हसलो. म्हटलं सेल गेला असेल. उद्या दुकान उघडलं की बदलून आणू."

मी विचारलं, काका कसे आहेत? "तसे बरे आहेत, पण कालपासून फार झोपतायत. आणि पाणी किती पितात म्हणून सांगू!"

मी त्यांना तसंच रिक्षात घालून आणायला सांगितलं. रक्त तपासलं. शुगर ६८४. लघवीत जंतुसंसर्ग होता, त्यातून शुगर भडकली होती. शरीरातलं पाणी कमी झालं होतं, जीभ कोरडी पडली होती आणि काका अर्धवट ग्लानीत होते. त्यांना ॲडमिट केलं. सलाइन, इन्सुलिन आणि अँटिबायोटिक सुरू केलं. पाचव्या दिवशी ते घरी गेले. आणखी एक दिवस घरीच राहिले असते तर काय झालं असतं, ते मला सांगायला नको.

आता त्या "हाय"बद्दल. घरच्या ग्लुकोमीटरला मोजण्याची एक मर्यादा असते. बऱ्याच मीटरमध्ये शुगर ६०० च्या वर गेली की आकड्याऐवजी इंग्रजीतली एच आणि आय ही दोन अक्षरं येतात. अर्थ असा, की शुगर मला मोजता येत नाही इतकी जास्त आहे. शुगर खूपच कमी झाली, बऱ्याच मीटरमध्ये २० च्या खाली, की एल आणि ओ ही अक्षरं येतात, म्हणजे "लो". ज्या क्षणी यंत्रानं सगळ्यात मोठ्यानं ओरडायला हवं, त्या क्षणी ते पाहुण्यासारखं "हाय" म्हणतं. मराठीत आपण एखाद्यानं "हाय खाल्ली" म्हणतो, म्हणजे धसका घेतला. काकूंनी त्या अर्थानं घेतलं असतं तरी परवडलं असतं.

काका शुद्धीवर आल्यावर काकू मला म्हणाल्या, "माझीच चूक, डॉक्टर. मला इंग्रजी येत नाही ना."

आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "अहो काकू, मशीनबरोबर पुस्तक येतं, ते एकदा कोणाकडून तरी वाचून घ्यायचं ना."

काकू खाली मान घालून बसल्या. हे वाक्य मला आजही टोचतं. कारण ते पुस्तक मी नंतर पाहिलं. इंग्रजीत होतं, मुंगीच्या डोळ्याएवढ्या अक्षरांत, आणि ही सूचना बरीच पानं उलटल्यावर एका तक्त्यात होती. मीसुद्धा चष्मा लावून वाचलं. चूक काकूंच्या इंग्रजीची नव्हती. पण हे मला तेव्हा कळलं नाही. ते कळायला माझी स्वतःची चूक व्हावी लागली.

दुसरा प्रसंग

माझ्या दवाखान्यात प्रिस्क्रिप्शन कॉम्प्युटरवर निघतं. डॉक्टरांच्या अक्षरावरचे विनोद तुम्हाला माहीत आहेतच, म्हणून मी हौसेनं सॉफ्टवेअर घेतलं. औषधाच्या नावाची पहिली तीन-चार अक्षरं टाइप केली की यादी येते, त्यातून नाव निवडायचं. निवडलं की पुढचे रकाने आपोआप भरतात: सकाळी १, दुपारी ०, रात्री ०, रोज, ३० दिवस. बहुतेक गोळ्या रोजच घ्यायच्या असतात, त्यामुळे माझा वेळ वाचत होता.

संधिवात असलेल्या एक ताई माझ्याकडे यायच्या. पुण्याच्या संधिवाततज्ज्ञांनी त्यांना मेथोट्रेक्सेट नावाची गोळी सुरू केली होती आणि पुढचं प्रिस्क्रिप्शन मी देत होतो. संधिवातासाठी ही गोळी आठवड्यातून एकदाच घेतात. हे वाक्य कृपया पुन्हा वाचा: आठवड्यातून एकदा. तीच गोळी चुकून रोज घेतली तर तोंडात फोड येतात, रक्तातल्या पांढऱ्या पेशी घसरतात, अस्थिमज्जेचं काम थांबू लागतं आणि जीव जाऊ शकतो. हे मला एमडीला असल्यापासून पाठ आहे.

तो सोमवार होता. बाहेर तीसेक पेशंट बसलेले. साथीचे दिवस. मी मेथोट्रेक्सेट निवडलं, रकाने आपोआप भरले, आणि "रोज" खोडून "आठवड्यातून एकदा" करायचं राहून गेलं. सॉफ्टवेअरनं मला सूचना दिली नाही का? दिली. स्क्रीनवर एक चौकट आली: "कृपया मात्रा तपासा." खाली "ओके" हे बटण. पण तीच चौकट, त्याच रंगात, त्याच शब्दांत, पॅरासिटामॉलला येते, कफ सिरपला येते, बी-कॉम्प्लेक्सलाही येते. दिवसातून शंभर वेळा मी ते "ओके" दाबतो. एकशे एकाव्या वेळीही दाबलं.

अर्ध्या तासानं आमच्या चौकातल्या केमिस्टचा फोन आला. "सर, एक विचारू का? राग नाही ना येणार? या ताईंना ही गोळी तुम्ही नेहमी महिन्याला चार लिहिता. आज तीस आहेत."

माझ्या हातातला स्टेथोस्कोप तसाच राहिला. मी त्यांना म्हणालो, "एकही देऊ नका. मी येतो." पेशंट सोडून चौकात गेलो, प्रिस्क्रिप्शन परत घेतलं, हातानं नवीन लिहिलं. ताईंना खरं काय ते सांगितलं. त्या समजूतदार निघाल्या. केमिस्टचे आभार मी त्या दिवशी मानले, आजही मानतो. त्यानं फोन करताना आधी "राग नाही ना येणार" असं विचारलं, याची मात्र मला लाज वाटली. जीव वाचवणाऱ्या प्रश्नाआधी माणसाला माफी मागावी लागते, म्हणजे आम्हा डॉक्टरांचं कुठेतरी चुकतंय.

त्या रात्री मी स्वतःला खूप बोललो. मग काकू आठवल्या. त्यांनी "हाय" वाचलं आणि अर्थ लागला नाही. मी "रोज" बघितलं आणि दिसलं नाही. त्यांना मी पुस्तक वाचायला सांगितलं होतं. मला तर अख्खं पुस्तक पाठ होतं. तरी चूक झालीच ना?

चूक कोणाची?

हा प्रश्न जुना आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या बी-१७ विमानांचे काही वैमानिक सुखरूप उतरल्यानंतर धावपट्टीवरच विमानाची चाकं आत घ्यायचे आणि विमान पोटावर आपटायचं. पंखांच्या मागच्या झडपा मिटायच्या असताना ते चाकांचा खटका ओढत. शिक्कामोर्तब झालं होतं: वैमानिकाची चूक. आल्फोन्स चॅपानिस या मानसशास्त्रज्ञानं कॉकपिट नीट पाहिलं, तर दोन्ही खटके शेजारी-शेजारी आणि दिसायला सारखे होते. थकलेला माणूस त्यांत गोंधळणारच. उपाय काय निघाला? चाकांच्या खटक्याच्या टोकाला चाकासारखा गोल आकार आणि झडपांच्या खटक्याला पाचरीसारखा आकार. अंधारातही हाताला फरक कळला पाहिजे. वैमानिक तेच राहिले, खटका बदलला.

सॉफ्टवेअरच्या बाबतीत हा धडा वैद्यकशास्त्राला फार महागात पडला. थेरॅक-२५ हे कॅन्सरच्या रेडिएशनचं मशीन कॅनडाच्या एका सरकारी कंपनीनं बनवलं होतं. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात या मशीननं सहा पेशंटना प्रचंड प्रमाणात जास्त रेडिएशन दिलं. त्यांतले किमान तीन जण त्यामुळे दगावले.

टेक्सासमधल्या टायलर या गावी मार्च १९८६ मध्ये काय झालं ते बघा. मशीन दोन प्रकारचे किरण द्यायचं. ऑपरेटर बाईंना "ई" टाइप करायचं होतं, चुकून "एक्स" टाइप झालं. त्यांच्या लगेच लक्षात आलं. बाण असलेली कळ दाबून त्या वर गेल्या, दुरुस्ती केली, झरझर खाली आल्या आणि किरण सुरू केले. स्क्रीनवर सगळं बरोबर दिसत होतं. पण दुरुस्ती इतक्या लवकर झाली होती, की सॉफ्टवेअरमधल्या दोषामुळे ती मशीनच्या आत नीट पोचलीच नव्हती. बाहेर एक दिसत होतं, आत दुसरंच चाललं होतं.

मशीन थांबलं आणि स्क्रीनवर आलं: "माल्फंक्शन ५४". म्हणजे काय? ते स्क्रीन सांगत नव्हता, आणि मशीनबरोबरच्या पुस्तकातही धड खुलासा नव्हता. उलट, डोस कमी गेला आहे असं स्क्रीन दाखवत होता. असे किरकोळ संदेश त्या मशीनवर सारखे येत आणि "पी" ही कळ दाबली की काम पुढे चालू होई. ऑपरेटरनी सवयीनं "पी" दाबलं. आतल्या खोलीत पेशंटला पहिल्याच वेळी विजेचा झटका बसल्यासारखं झालं होतं. तो उठू पाहत असतानाच दुसरा मारा झाला. त्या दिवशी आतलं बघायचा कॅमेरा आणि ऐकायचा इंटरकॉम, दोन्ही बंद होते. तो माणूस काही महिन्यांनी गेला. पुढच्याच महिन्यात त्याच रुग्णालयात तसाच दुसरा अपघात झाला, तेव्हा तिथल्या भौतिकशास्त्रज्ञानं आणि ऑपरेटरनं पुन्हा पुन्हा टाइप करून पाहिलं आणि घोळ शोधून काढला. घोळ व्हायचा तो वेगानं टाइप केल्यावर. म्हणजे ऑपरेटर नवखी असती तर वाचली असती. ती आपल्या कामात तरबेज होती, म्हणून अडकली.

आधीच्या मॉडेलमध्ये असा मारा अडवायला वेगळी यांत्रिक कुलपं होती. या मॉडेलमध्ये ती काढून सगळा भरवसा सॉफ्टवेअरवर टाकला होता.

"माल्फंक्शन ५४" आणि "पी". "कृपया मात्रा तपासा" आणि "ओके". मी हे वाचलं तेव्हा पोटात गोळा आला.

चांगला स्क्रीन कसा ओळखायचा?

या विषयाचा अभ्यास करणारी मंडळी आहेत. डॉन नॉर्मन यांचं रोजच्या वापरातल्या वस्तूंच्या रचनेवरचं पुस्तक १९८८ मध्ये आलं. जेकब नील्सन यांनी १९९४ मध्ये इंटरफेससाठी दहा ठोकताळे मांडले. ते सगळे मी इथे देत नाही. दवाखान्यात आणि पेशंटच्या घरी मला जे पटले, ते माझ्या शब्दांत सांगतो.

१. आत काय चाललंय ते बाहेर दिसलं पाहिजे. एक आजोबा रोजचं बीपी वहीत लिहून आणायचे. सलग आठ दिवस १३२/८४, नाडी ७६. मी म्हटलं, आजोबा, इतकं शिस्तीचं बीपी तर माझंही नाही! मशीन घेऊन यायला सांगितलं. ते सुरू करायच्या बटणाऐवजी शेजारचं मेमरीचं बटण दाबत होते. मशीन जुना आकडा दाखवायचं, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत. कोपऱ्यात एक बारीक "एम" यायचा, इतकंच. ताजं माप कुठलं आणि जुनं कुठलं, हे एका नजरेत कळायला हवं.

२. यंत्रानं माणसाच्या भाषेत बोलावं. "हाय", "ई-१", "माल्फंक्शन ५४" ही भाषा यंत्र बनवणाऱ्याची झाली. चांगला संदेश तीन गोष्टी सांगतो: काय झालं, ते किती गंभीर आहे आणि आता काय करायचं. "शुगर खूप जास्त आहे, डॉक्टरांना फोन करा", एवढं मराठीत आलं असतं तर काकांचे दोन दिवस वाया गेले नसते.

३. आपोआप भरलेलं उत्तर सुरक्षित असावं. आपण बहुतेक वेळा आधीपासून भरलेलं बदलत नाही, हा माणसाचा स्वभाव आहे. म्हणून जिथे चूक जिवावर बेतू शकते, तिथे रकाना रिकामा ठेवावा आणि माणसाला भरायला लावावा. किंवा सगळ्यात कमी धोक्याचं उत्तर भरावं.

४. चूक होण्याआधीच अडवावी, आणि झालीच तर मागे फिरता यावं. मोबाइलच्या सिमकार्डचा एक कोपरा कापलेला असतो, कारण ते उलटं बसूच नये. "नीट बसवा" अशी पाटी लावण्यापेक्षा हे शंभर पटींनी चांगलं. आणि चुकीचं बटण दाबलं गेलं तर परत येण्याचा रस्ता सोपा हवा. तो दिसला नाही की वडीलधारी माणसं घाबरून मोबाइल खाली ठेवतात आणि म्हणतात, "मला नाही जमत."

५. धोक्याची सूचना मोजकीच असावी. लांडगा आला रे आला ही गोष्ट आपण लहानपणी ऐकली. आयसीयूमध्ये सारखे भोंगे वाजत राहिले की कानांना सवय होते आणि खरा भोंगा ऐकूच येत नाही. दर गोळीला येणारी सूचना ही सूचना राहत नाही, ती फक्त एक जास्तीचं बटण होते.

६. एका गोष्टीची एकच खूण असावी. एका मुलानं लंडनहून वडिलांना ग्लुकोमीटर पाठवलं. मशीन उत्तम. पण इंग्लंडमध्ये शुगर मिलिमोल प्रति लिटरमध्ये मोजतात, आपल्याकडे मिलीग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये. आकडा आला ९.४. वडिलांना वाटलं, मधला ठिपका म्हणजे स्क्रीनवरचा डाग, शुगर ९४ आहे. ते खुश होऊन रोज आंबा खाऊ लागले. ९.४ ला १८ नं गुणलं की साधारण १६९ येतात. परदेशातून मीटर आलं असेल तर आधी एकक बघा.

७. थकलेल्या डोळ्यांचा आणि थरथरत्या हातांचा विचार हवा. चाळिशीनंतर जवळचं अंधुक दिसतं. काही पुरुषांना लाल-हिरव्यातला फरक जन्मतःच कळत नाही. मधुमेहात डोळ्यांच्या पडद्याला त्रास होऊ शकतो, बोटं बधिर होऊ शकतात. म्हणजे ज्या माणसासाठी मशीन आहे, त्याचेच डोळे आणि बोटं आजारानं कमजोर झालेली असू शकतात. तरीही बारीक करडी अक्षरं आणि ज्वारीच्या दाण्याएवढी बटणं? मशीन बनवणाऱ्या तरुण मुलांनी ते एकदा आपल्या आजीच्या हातात द्यावं आणि गप्प बसून बघावं. याहून स्वस्त परीक्षा दुसरी नाही.

तुम्ही काय कराल?

सॉफ्टवेअर काही तुम्ही लिहीत नाही आणि मीही लिहीत नाही. पण आपल्या हातात बरंच काही आहे.

ग्लुकोमीटर किंवा बीपीचं मशीन घेताना दुकानातच सुरू करून दाखवायला सांगा. ते वापरणार आई-वडील असतील तर त्यांना बरोबर न्या आणि तुम्ही न सांगता त्यांना स्वतः करू द्या. जिथे ते अडखळतील, तिथे घरीही अडखळणार.

ग्लुकोमीटरच्या डबीवर मराठीत एक चिठ्ठी चिकटवा. "हाय" आलं तर शुगर खूप जास्त. हात साबणानं धुऊन, पुसून पुन्हा एकदा तपासा, कारण बोटाला गूळ-साखर किंवा फळाचा रस लागला असेल तरी आकडा चढतो. पुन्हा "हाय" आलं तर सेल बदलत बसू नका, लगेच डॉक्टरांना फोन करा. "लो" आलं आणि माणूस शुद्धीवर असेल, गिळता येत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यातून लगेच द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा आणि डॉक्टरांना कळवा. शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

कुठलीही गोळी आठवड्यातून एकदा घ्यायची असेल तर डॉक्टरांना प्रिस्क्रिप्शनवर वाराचं नाव लिहायला सांगा: "फक्त रविवारी". पाकिटावर केमिस्टकडूनही लिहून घ्या. नेहमीपेक्षा गोळ्या जास्त आल्या, रंग वेगळा दिसला, तर विचारा. "डॉक्टरांनी लिहिलंय म्हणजे बरोबरच असेल" असं समजू नका. डॉक्टरही सोमवारी सकाळी ओके दाबत असतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: तुमच्याकडून चूक झाली तर लपवू नका. डोस दोनदा घेतला गेला, मशीनचं बटण चुकलं, ॲपमध्ये चुकीची वेळ टाकली, काहीही असो. लाजून सांगितलं नाही तर मी चुकीच्या आकड्यांवर औषध वाढवीन. तुम्ही सांगितलं तर कदाचित पुढच्या दहा पेशंटची तीच चूक टळेल.

शेवटी

माझ्या सॉफ्टवेअरच्या कंपनीला मी सगळं कळवलं. पहिलं उत्तर आलं, "डॉक्टरांनी तपासूनच ओके करावं." हे वाक्य ओळखीचं वाटलं. मीही काकूंना असंच काहीतरी म्हणालो होतो ना! मी पुन्हा लिहिलं, पुन्हा फोन केला. काही महिन्यांनी बदल झाला. आता मेथोट्रेक्सेट निवडलं की "रोज" येतच नाही. वार निवडल्याशिवाय प्रिस्क्रिप्शन छापलं जात नाही. पॅरासिटामॉलला येणारी ती चौकट बंद झाली आहे. मी पूर्वीइतकाच घाईत असतो, पूर्वीइतकाच थकतो. पण ती विशिष्ट चूक आता मला करता येत नाही.

मध्यंतरी काका-काकू तपासणीला आले होते. मी काकूंना म्हणालो, "काकू, त्या वेळी मी तुम्हाला पुस्तक वाचायला हवं होतं असं म्हणालो. ते माझं चुकलं. मशीन देतानाच मी तुम्हाला 'हाय'चा अर्थ सांगायला हवा होता."

काकू हसल्या. पिशवीतून मीटरची डबी काढली. झाकणावर नातवानं लाल स्केचपेननं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: "हाय म्हणजे नमस्कार नाही. डॉक्टरांना फोन!" खाली माझा नंबर.

हे मशीन बनवणाऱ्यांना सुचायला हवं होतं. सुचलं सातवीतल्या पोराला.

तुमच्या घरातल्या मशीनवर काय लिहायला हवं, ते आज एकदा बघून घ्या. काळजी घ्या.